वसुलीचा फोन

भलत्याच कुणाचं थकलेलं गाडीचं कर्ज आमच्या ह्यांच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये चढलं आणि आमच्या घराचं कर्ज अडून बसलं. बँक म्हणाली, कर्ज तुमचं नाही असं फायनान्स कंपनीचं पत्र आणा. कंपनी पत्र देईना, वर तिचा वसुलीवाला रोज फोनवर आवाज चढवायचा.

आज फोन सासऱ्यांनी उचलला. देवाच्या गोष्टी सांगण्यात त्यांचा हातखंडा, पण हल्ली घरात ऐकायला सवड कुणाला आहे?

"पैसे कधी भरताय?" वसुलीवाला गुरकावला.

"कर्ज आमचं नाहीच रे, बाळा. पण फोन केलाच आहेस तर ऐक. एक चोर देवळात मुकुट चोरायला शिरला. तेवढ्यात दार वाजलं. पळायला वाट नाही, म्हणून पठ्ठ्याने मूर्ती पडद्याआड सारली आणि मुकुट घालून स्वतःच देव होऊन उभा राहिला. आत आली एक म्हातारी. तिने त्याचे पाय घट्ट धरले आणि म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"ते असू दे. आमचं पत्राचं तेवढं बघ," म्हणत सासऱ्यांनी फोन ठेवून दिला.

मी कपाळावर हात मारला. "बाबा, त्याला तक्रारीचा धाक घालायचा सोडून गोष्टी कसल्या सांगताय?"

"थांब गं जरा," ते म्हणाले. संध्याकाळी ते देवापुढे वात लावत होते, तोच फोन वाजला.


"आजोबा, साहेबांच्या मागे लागून पत्र पाठवलंय, सहीशिक्क्यासकट. आता सांगा, म्हातारी काय म्हणाली?"