सुलतानाचा झगा

घोड्यावर बसण्यात आबासाहेब पाटलांचा फायदा उघड होता. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली म्हणून गावानं मिरवणूक काढलेली. नगरहून बडे पुढारी येणार, आणि साखर कारखान्याचे नवे संचालक कोण, ती यादी त्यांच्याच खिशात. महाराजांच्या वेषात पाटील एकदा त्यांच्या डोळ्यात भरले की काम फत्ते.

अडचण सुलतानाची होती. महाराज व्हायला गावात अकरा जण तयार, हरायला एकही नाही. शेवटी ऊसतोडीहून परतलेल्या सहादेवला पोटभर जेवणाच्या बोलीवर सुलतान केला. कुठला सुलतान, ते कुणी विचारलं नाही. पोशाख हवा म्हणून पाटलांनी आईच्या पेटीतला जुना जरीचा झगा काढला. आई मालनबाई दर दसऱ्याला त्या झग्याची पूजा करायच्या.

"सहादेवा, याला डाग पडू दिऊ नगंस," एवढंच त्या म्हणाल्या.

मिरवणूक काय रंगली म्हणता! हलगी कडाडत होती, गुलालात समोरचं माणूस दिसेना, माळवदांवर बाया दाटलेल्या. पुढं घोड्यावर पाटील तलवार नाचवतायत, मागं बैलगाडीत सहादेव गुडघे टेकून हात जोडतोय. चावडीपुढं पुढारी खुशीत गाडीजवळ आले, झग्याची जर बोटांनी चाचपली. माल अस्सल दिसतो, कुठून आणला, असं त्यांनी खुद्द सुलतानालाच विचारलं.

"पाटलांचा हाय," सहादेव सरळ बोलून गेला. "त्यांच्या मूळ पुरुषाला निजामशाहीत पाटीलकी मिळाली, तवा सुलतानानं मानानं अंगावर घातला."

गावाला हे ठाऊकच होतं. आज बोलायचं नव्हतं, इतकंच. हलगी थांबली. पाटलांनी लगाम आवळला.

"मानाचा कसला? लुटीतला हाय, साहेब. आमच्या वाडवडलांनी सुलतानाच्या अंगावरनं वढून आणलाय."

पुढाऱ्यांनी टाळी वाजवली आणि गाव उसळलं. लुटीतला म्हटल्यावर जो तो गाडीवर चढला. प्रत्येकाला त्यातली एक चिंधी हवी. पहिली चिंधी पुढाऱ्यांनी कपाळाला लावून यादीच्या खिशात घातली. सहादेव अंगातल्या बंडीवर उरला, तरी हात जोडलेलेच.

यादीत पाटलांचं नाव आलं. सहादेव पोटभर जेवला.

दसऱ्याला मालनबाईंनी नेहमीसारखा पाट मांडला. त्यावर जरीचा एक गोंडा ठेवला, सहादेवनं रस्त्यातून शोधून आणलेला. गुलालानं तो इतका माखला होता की पूजेला वेगळं कुंकू लागलं नाही.