त्यातली एकच चांगली

"सही तुमचीच हवी, काकू. मुलीच्या आईनेच माफ केलं म्हटल्यावर दिल्लीलासुद्धा विचार करावा लागेल," मुकुल म्हणाला आणि दयेच्या अर्जावर त्याने कवितांचं पुस्तक ठेवलं.

सरोजने दोन्हीला हात लावला नाही. काय धाडस एकेकाचं! पोरीला मारून आंबेनळी घाटातल्या दरीत टाकायचं आणि फाशीच्या कोठडीत बसून कविता करायच्या. वर त्या छापायला शेजारचाच प्राध्यापक हजर! महाडपासून पुण्यापर्यंत मुकुलची भाषणं होत होती, गळ्यात हार पडत होते. मैथिलीच्या फोटोला हार घालायला मात्र सरोज एकटी.

दाराशी ठमाबाई बसली होती, फाशीची शिक्षा झालेल्या सुनीलची आई. घाटातल्या वाडीवरून आली होती. आत ये म्हटलं तरी येईना.

"माझ्या पोरानं नाय केला, ताय," ती म्हणाली. "जीपमदी येक चप्पल गावली म्हून काय झाला? रोज किती पोरी बसायच्या त्याच्या जीपमदी."

खरं तर हाच काटा सरोजच्या मनात सलत होता. एक चप्पल सुनीलच्या जीपमध्ये मिळाली, दुसरी कुणालाच मिळाली नाही. तो शेवटपर्यंत 'मी नाही' म्हणत राहिला. निरपराध असला तर? ते पाप आपल्या माथी नको.

"तुला काय वाटतं?" तिने मुकुलला विचारलं.

"मी काय सांगणार? मी त्या दिवशी पहाटेच पुण्याला गेलेलो, कविसंमेलनाला. परत आलो तोवर तिचं सगळं उरकलं होतं. पण अपराधी असला तरी फाशी वाईटच, काकू. वाचून तर बघा."

ती वाचू लागली. भिंती, गज, भाकरी, आईची आठवण. साध्यासुध्या ओळी. मग एका पानावर ती थांबली.

दरीच्या काठी
एकच चप्पल उरली,
अंगठ्यापाशी
कुणाच्या तरी आईचा
हिरवा टाका.

त्या सकाळी तिनेच घातला होता तो टाका. काळा दोरा सापडेना, म्हणून हिरवा. "उद्या नवी घेऊ," असंही म्हणाली होती. पोरीला शिवलेल्या चपलेत शेवटचं धाडलं, ही लाज तिने कुणालाच सांगितली नव्हती, पोलिसांना नाही की कोर्टाला नाही. न मिळालेली चप्पल तीच.

म्हणजे मेल्याने पाहिली होती तर! सरोजचा संशय फिटला. करावं तसं भरावं, जाऊ दे फासावर. तिने अर्ज बाजूला सारला. ठमाबाईकडे बघायचं तिने टाळलं.

"यातली ही एवढी एकच चांगली आहे," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "बाकीच्यांहून वेगळी. ही सुनीलनेच लिहिली ना?"

मुकुलचा चेहरा खुलला. त्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्हाला बरोबर कळलं, काकू. त्याला कुठलं एवढं जमायला? पुस्तक बारीक होत होतं, म्हणून ती एक माझी घातली."