न उगवलेला दात

१९६३ च्या उन्हाळ्यात, इस्राएलमधल्या रामल्याच्या दवाखान्यात, दंतवैद्य शुलामितबाईंच्या जबड्याचा एक्स-रे खिडकीतल्या उन्हात धरून उभे होते.

अखेर ते हिब्रूत बोलले. रिव्काने आईला मराठीत सांगितले, "हिरडीच्या आत एक दात आहे, दुधाचा. ती कधी बाहेर आलीच नाही."

"ती काय गं? दात तो असतो," शुलामितबाई हसल्या. "इथे येऊन मराठीपण बुडवलीस!"

हिब्रूत दात स्त्रीलिंगी असतो.

"बरं, तो. पण त्याचा कोपरा उडालाय. हाडात बंद असलेला दात फुटला कसा, डॉक्टरांना कळत नाही. आणि मागच्या महिन्याच्या एक्स-रेपेक्षा तो वर सरकलाय. उद्याच काढू म्हणतात."

शुलामितबाईंचे हसू मावळले. कोकणातल्या नागावच्या कबरस्तानात सहा वर्षांच्या लेकाला, येहुदाला, मागे ठेवून त्या इस्राएलच्या बोटीत चढल्या होत्या. दातांनी बदाम फोडताना त्याच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. आपल्या जन्माआधीच गेलेल्या या भावाची ही गोष्ट रिव्काला ऐकून ऐकून पाठ होती.

शुलामितबाईंनी हिरडीवर बोट टेकवले, निजलेल्या लेकराच्या कपाळावर टेकवावे तसे.

"काढायचा नाही, सांग त्यांना," त्या रिव्काचा हात धरून म्हणाल्या. "आणि विचार, त्याला यायला अजून किती दिवस?"

दंतवैद्य भाषांतराची वाट पाहत रिव्काकडे वळले.

रिव्काने आईच्या हातातून आपला हात सोडवला आणि भाषांतर न करताच ती दाराबाहेर निघून गेली.