धुतलेला मफलर

"काकू, आता शेवटचाच वास," यंत्रापाशी बसलेली मुलगी म्हणाली.

चहाचं आधण, ओली कोथिंबीर, नातीच्या टाळूचं तेल, सगळं कालिंदीने हुंगलं होतं आणि यंत्राने तिच्या मेंदूतून टिपून घेतलं होतं. उद्यापासून नाकामागच्या गाठीला किरणं सुरू होणार. नाक आतून कोरडं पडणार, खपल्या धरणार, वास बहुधा जाणार. मग टिपलेले वास तेवढे यंत्र परत देणार.

शेवटची जागा तिने बाबांसाठी राखली होती. बाबा एसटीचे ड्रायव्हर. ते गेल्यापासून त्यांचा मफलर तिने पिशवीत घट्ट बांधून ठेवला होता. तपकीर आणि डिझेलच्या त्या वासात घाटातली वळणं होती, "चिमणे, हात आत घे" म्हणणारे बाबा होते.

तिच्या नवऱ्याने, विश्रामने, पिशवीतून मफलर काढला. कडक इस्त्रीचा. तिने नाकाला लावला. नुसती साबणाची पावडर!

"अहो, धुतलात?"

"मग? दवाखान्यात कळकट वस्तू आणायची? दोनदा धुतला. केवढा वास मारत होता!"

जन्मात स्वतःचा रुमाल न धुतलेला हा माणूस! कालिंदीला रडूच फुटलं. तेव्हा कुठे विश्रामच्या ध्यानात आलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"काकू, जागा रिकामी सोडू?"

कालिंदीने डोळे पुसले. नवऱ्याचे हात ओढून नाकाशी धरले. साबण, आणि इस्त्रीच्या चटक्यावर चोपडलेलं खोबरेल.

"नको, हे घे टिपून," ती म्हणाली. "हा वास आमच्या घरात पुन्हा यायचा नाही."