टक्कल पडलेला वाफा

नळी हातभर खोल गेली तसं माती तपासायला आलेल्या माणसाच्या हातातलं यंत्र टिवटिव करू लागलं. त्याने आकडा पाहिला, नळी उपसली आणि चार पावलांवर पुन्हा खुपसली. तिथेही तेच.

रोपवाटिकेची मालकीण कमरेवर हात ठेवून बघत होती. गुलाबाच्या वाफ्याला मधोमध टक्कल पडून पाच महिने झाले होते. आधी पानं पिवळी पडली, मग मुळं काळी. तिने खत बदललं, पाणी तोडलं, वरची माती काढून नवी भरली. नवी रोपंही पंधरवड्यात माना टाकत. डोकं चालेनासं झालं तेव्हा तिची नजर अण्णांकडे वळली.

अण्णा म्हणजे तिचे वडील. चाळीस वर्षं हा वाफा त्यांनीच सांभाळला होता. अलीकडे मात्र चष्मा डोळ्यांवर ठेवून तोच घरभर शोधायचे. शेडमध्ये तणनाशकाचा डबा अर्धा रिकामा सापडला. तिने विचारलं, "अण्णा, खताऐवजी हे तर नाही ना ओतलंत?" ते नाही म्हणाले. तिने दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. महिनाभराने एकदा जेवता जेवता ते म्हणाले, "ओतलं असेल मीच." तिने शेडची किल्ली काढून घेतली. त्या दिवसापासून अण्णा वाफ्याकडे फिरकले नाहीत.

"मागच्या खेपेला नेलेल्या मातीत तणनाशकाचा अंशसुद्धा नाही," तपासनीस म्हणाला. "खालून कार्बन डायऑक्साइड वर येतोय. टेकडीपलीकडच्या कारखान्याने धुरातला वायू जमिनीत खोल गाडला होता, त्याला कुठेतरी फट सापडली. मातीतली हवाच हटलीय. मुळं गुदमरली, ताई."

ती तशीच मातीच्या पायांनी घरात गेली. अण्णा खिडकीशी बसले होते, बागेकडे पाठ करून. तिने त्यांच्यासमोर उकिडवं बसून सगळं सांगितलं, त्यांना न कळल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा सांगितलं, आणि किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.

"तुम्ही काही केलं नव्हतं, अण्णा. माझंच चुकलं."

अण्णांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी मान वर केली. कपाळावरची आठी काही सुटली नव्हती.

"पण मला आठवतंय ना," ते चाचरत म्हणाले. "सकाळची वेळ होती. डबा जड होता. तू मागून हाक मारलीस, तरी मी ओतत राहिलो."