दर रविवारी दोन थेंब

"मी घरात होते तोवर या इंजिनाला कधी स्क्रू-ड्रायव्हर लागला नाही," ती म्हणाली. "आणि याने दोन महिन्यांत त्याची वाट लावली!"

'हा' म्हणजे तिचा दादा. इंजिनाचं रिकामं खोकं मांडीवर घेऊन तो शेजारच्या स्टुलावर बसला होता. म्हाताऱ्या कारागिराने दिव्याखाली इंजिन आडवं केलं आणि चष्म्यावरून एकदा दादाकडे पाहिलं. दादाने मान खाली घातली. घालणारच, तिला वाटलं.

वीतभर लांबीचं, गडद हिरवं खेळण्यातलं इंजिन. आजोबांकडून बाबांकडे आलेलं. दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले. आठवडाभर राहून परत निघताना तिने ते रुळांवर चालवून पाहिलं होतं, तेव्हा चांगलं पळत होतं. काल ती पुन्हा आली आणि बटण दाबलं. मोटर गुरगुरली, जळका वास आला, आणि संपलं.

"रोज चालवत होतास ना?"

"थोडा वेळ. संध्याकाळी."

"आणि तेल? एक थेंब तरी घातलास?"

"नाही."

"बघा!" ती कारागिराकडे वळली. "काका, लहानपणी दर रविवारी मी याला तेल घालायचे. दोन थेंब. एक रविवार चुकवला नाही. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोरीच्या हाताला यश आहे. आणि याने नुसतं बघितलं तरी घड्याळ बंद पडायचं. दुरुस्त झालं की इंजिन माझ्याबरोबर जाणार. कळलं का रे दादा?"

"ने," दादा म्हणाला.

त्या एका शब्दाने ती आणखी भडकली. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. भांडायचं नाही, कबूलही करायचं नाही. करून सवरून नामानिराळा! एवढ्या गल्ल्यांतून, कुणालाही न विचारता त्याने तिला थेट या दुकानात आणलं, त्याचाही तिला राग आला होता. "मोडक्या वस्तूंचा रस्ता बरा पाठ आहे तुला," असं ती जिन्यातच बोलून गेली होती.

आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आईच्या शिलाई मशीनची तेलाची कुपी खणात तशीच राहिली होती. दर रविवारी ती कुपी घेऊन ती इंजिनापुढे बसायची. मोटरीच्या वरच्या फटीतून निळी ठिणगी दिसायची, बरोबर तिथे थेंब सोडायची. बाबा समोर बसून बघत राहायचे. दादाला कशाचं काही नव्हतं. तो शाळा बुडवून सायकलवर उंडारायचा, आणि बाबा त्याला म्हणायचे, "हिच्याकडून शीक जरा."

कारागिराने चार स्क्रू काढले, हिरवं कवच उचलून बाजूला ठेवलं. चिमट्याने मोटरीतून दोन काळे तुकडे बाहेर काढले. तांदळाच्या कणीएवढे उरले होते. त्यांच्याबरोबर काळं, चिकट काहीतरी ओढलं गेलं.

"कार्बन संपलेत. ज्याच्यावर घासतात त्या तांब्यालाही खाचा पडल्यात."

"चालवून चालवून, दुसरं काय?"

"नाही. तेलाने." त्याने बोट फडक्याला पुसलं. "तेल चाकांच्या आसाला घालायचं असतं. मोटरीत गेलं की कार्बनची पूड त्यात कालवली जाते, असं काजळ होतं. मग ठिणग्या उडतात आणि कार्बन झिजून जातात. कुणीतरी अगदी प्रेमाने पाजलंय."

निघायच्या दिवशी तिने दोन थेंब घातले होते. मग आणखी दोन. मग पुन्हा दोन. त्या दिवशी तिचा हात थांबला नव्हता.

"पण मग तेव्हा?" ती हट्टाने म्हणाली. "नऊ वर्षं मी तिथेच तेल घालत होते. एकदाही बंद पडलं नाही."

कारागिराने बाजूला ठेवलेलं कवच उलटं केलं आणि भिंगासकट तिच्यासमोर धरलं. "दुरुस्त केलेल्या वस्तूच्या पोटात मी तारीख आणि रोग लिहून ठेवतो. पुढच्या माणसाला सोपं जातं."

सुईने कोरलेल्या सात ओळी होत्या. पहिली तारीख आई गेली त्या वर्षातली. शेवटची, ती शिकायला बाहेर गेली त्याच्या आदल्या महिन्यातली. त्यानंतर एकही नाही. आणि रोगाच्या जागी सातही ओळींत एकच शब्द होता: तेल.

बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला बाबांचा राग आला.

"एका शब्दाने सांगितलं नाही मला! वर चारचौघांत कौतुक! आणि इथे यायचे कधी ते?"

"ते एकदाच आले, पहिल्या वेळी," कारागीर म्हणाला. त्याने चिमट्याने दादाकडे दाखवलं. "नंतर हा यायचा, सायकलवरून. बहीण शाळेतून यायच्या आत जागेवर ठेवायचंय म्हणायचा. काम होईपर्यंत याच स्टुलावर बसून राहायचा."

कारागीर उगाच फडकं झटकत राहिला.

"दादा," ती म्हणाली. आवाज अजून चढलेलाच होता, उतरवायचा कसा ते तिला कळेना. "मी सकाळपासून तुला काय काय बोलले. परक्या माणसासमोर बोलले. तेव्हा तरी सांगायचंस!"

दादाने खोक्याचं झाकण उघडलं, पुन्हा मिटलं.

"बाबांनी शपथ घातली होती," तो म्हणाला. "सुटली म्हणायचं राहून गेलं त्यांचं."