द्राक्षांच्या बदल्यात

आमच्या प्राणिसंग्रहालयातली चिंपांझीण लोकांच्या वस्तू पळवायची, म्हणून सव्वीस वर्षांपूर्वी मी तिला सवय लावली: वस्तू परत दे, द्राक्षं घे. चष्मे, किल्ल्या, डॉक्टरांची टोपीसुद्धा अशीच जाळीखालून परत आली. आज तिच्या कुशीत नऊ दिवसांपूर्वी मेलेलं पिल्लू होतं. "ताई, तुमचंच ऐकते ती," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर भूल देऊन काढावं लागेल, आणि या वयात ती भुलीतून उठेलच असं नाही." दुखरे गुडघे टेकून मी द्राक्षं पुढे धरली. "दे गं बाई. थकलो आता दोघीही." ती बघत राहिली. पिल्लाला छातीशी धरूनच तिने निजायचं गोणपाट बाहेर सरकवलं. मग चघळलेली दोरी. मग पाण्याचं भांडं. मी सगळी द्राक्षं तिला दिली. "अहो, पिल्लू?" "होतं नव्हतं ते दिलंय तिने," मी म्हटलं. "आज एवढंच घेऊ, डॉक्टर."